वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणूक नावाचा एक रकाना असतो. मुलुंडच्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं कारकून होते आणि त्या रकान्यात मी जन्मभर एकच शब्द लिहिला: चांगली. बेंच मोडणारा असो, बाईंच्या पर्समध्ये झुरळ सोडणारा असो, नाहीतर वर्गात आहे की नाही हे फक्त हजेरीच्या वेळी कळणारी एखादी गरीब मुलगी असो, सगळ्यांची वर्तणूक चांगली. नोकरीला लागले त्या वर्षी एकदाच मी एका मुलाच्या दाखल्यावर ‘बरी’ असं लिहिलं होतं. त्याने दुसऱ्या मुलाचा हात पिरगळून मोडला होता. हेडमास्तरांनी मला आत बोलावलं, दाखला फाडला आणि नवा लिहायला लावला. एका शब्दापायी पोराचं आयुष्य कशाला बिघडवायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. आता खोटं कशाला बोलू, अगदी मनापासून पटलं. पुढे जूनमध्ये दाखल्यांसाठी एवढी गर्दी व्हायला लागली की मी त्या शब्दाचा रबरी शिक्काच करून घेतला.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधला मुलगा त्याच शाळेतला. त्याचा दाखला मीच लिहिला होता, त्याची आई पेढे घेऊन ऑफिसात आली होती. पोरगा हुशार होता. पुढे अंधेरीला एका कंपनीत चांगल्या नोकरीला लागला. जिन्यात भेटला की माझ्या हातातली भाजीची पिशवी काढून घ्यायचा, आमच्या ह्यांना वाकून नमस्कार करायचा. आवाज चढवून बोललेला मी त्याला बाहेर कधी ऐकला नाही. हे ‘बाहेर’ मी आज लिहिते आहे. तेव्हा माझ्या ते डोक्यातही आलं नसतं.

त्यांचं आणि आमचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून आहे. मधली भिंत अशी की त्यांच्याकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मी सांगू शकते. त्याचं पहिलं लग्न झालं, कुर्ल्याची मुलगी आली, आणि काही महिन्यांनी त्या भिंतीतून वेगळे आवाज यायला लागले. आधी त्याचा आवाज, खालच्या पट्टीतला, एकसारखा, धडा वाचून दाखवावा तसा. मग काहीतरी आपटल्याचा. मग काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ सगळ्यात वाईट असायचं. आमचे हे उठून टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि म्हणायचे, नवरा-बायकोचं आहे, आपण पडू नये. मी भाजी परतत राहायचे. दोन वर्षांच्या आत ती मुलगी माहेरी निघून गेली. दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. बिल्डिंगमध्ये दोनच शब्द फिरले: जमलं नाही. मीही ते चारचौघींत म्हणाले असेन.

आमच्याकडे लग्न ठरवताना पत्रिका, पगार, फ्लॅट सगळं बघून झालं की शेवटी चौकशी करतात. मुलीकडचं कोणीतरी मुलाच्या बिल्डिंगमध्ये येतं, वॉचमनशी बोलतं, इस्त्रीवाल्याशी बोलतं आणि एखाद्या शेजाऱ्याकडे चहा पितं. पोलिसांत नाही, कोर्टात नाही, मुलीच्या बापाला जे काही शोधायचं ते त्या चहाच्या कपात शोधायचं. आणि शेजाऱ्याने काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं. मुलगा चांगला आहे, घरचे चांगले आहेत. ठरत आलेल्या लग्नात मोडता घातला असं आपल्या नावावर नको, म्हणून सगळ्यांची जीभ त्या दोन वाक्यांपुढे जात नाही. चौकशीला येणाऱ्यालाही हे माहीत असतं, कारण त्याने स्वतः दुसऱ्या कोणाला तरी हेच सांगितलेलं असतं.

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी जोगेश्वरीहून एक गृहस्थ आले. शेजारच्या मुलाला त्यांच्या मुलीचं स्थळ सांगून आलं होतं. कोणीतरी त्यांना म्हणालं होतं की अमक्या बाई शाळेत होत्या, त्या लहानपणापासून ओळखतात, त्यांना विचारा. सोफ्याच्या कडेला बसले, अर्धा कप चहा घेतला, उन्हाबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले. मग म्हणाले, त्याचं पहिलं मोडलं ते कशाने? माझ्यासमोर माणूस हात जोडून बसला होता. स्वयंपाकघराची भिंत त्याच्या पाठीमागे चार हातांवर होती. आणि मी म्हणाले, “मुलगा चांगला आहे हो. शांत आहे. पहिलीचं जमलं नाही, एवढंच.”

शिक्का मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून आले होते. सवय माझ्याबरोबर घरी आली होती.

त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. दारात त्यांनी पुन्हा नमस्कार केला. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईंनी सांगितलं म्हणजे प्रश्नच नाही, असं म्हणाले. लग्न झालं, आम्ही जेवायला गेलो, मी जिलबी दोनदा घेतली. दोनदा घेतल्याचं अजून लक्षात आहे माझ्या.

ती दुसरी मुलगी पहिलीसारखी मुकी नव्हती. बोलघेवडी होती, दुपारी ग्रिलला टेकून माझ्याशी गप्पा मारायची, मला मोबाइलवर पैसे कसे पाठवायचे ते तिनेच शिकवलं. मग तिचं बोलणं कमी होत गेलं. मी कानावर हात ठेवून होते, पण भिंत काही बंद करता येत नाही. एका मंगळवारी दुपारी तिने माझी बेल वाजवली. डावा हात मनगटापासून सुजून डबल झाला होता. त्याने दाराच्या फटीत धरला होता आणि दार लावलं होतं. ती रडत नव्हती. “काकू, बाम आहे का?” असं विचारत होती.

मला आधी राग आला तो तिचा. आजपर्यंत का गप्प बसली म्हणून मी तिला चांगलं फैलावर घेतलं. बोलता बोलता मलाच ऐकू यायला लागलं की मी कोणाला रागावते आहे. मग मी चपला घातल्या, रिक्षा केली आणि तिला आधी डॉक्टरकडे, मग पोलीस स्टेशनला नेलं.

तिथल्या हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं. गुन्हा नोंदवायचा का, असंही विचारलं. ती म्हणाली, नको, फक्त समज द्या त्याला. मग त्याने एनसी लिहिली. म्हणजे नुसती नोंद, तपासबिपास काही नाही. मी एकतीस वर्षं कारकुनी केलेली बाई. मी विचारलं की ह्याच माणसाच्या पहिल्या बायकोनेही तक्रार केली होती असं मी उडत उडत ऐकलं होतं, ती जरा काढून बघता का. तो म्हणाला, ती तिच्या माहेरी गेली असेल, म्हणजे तक्रार तिकडच्या पोलीस स्टेशनला. आणि मिटलं असेल तर मागे घेतली असेल. ते तिकडचं, हे इकडचं.

माझं डोकं सणकलं. आमच्या शाळेत पहिलीत आलेल्या पोराला जनरल रजिस्टरचा एक नंबर मिळतो. पुढे तो नंबर त्याला सुटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला माणूस दारात उभा राहिला तरी मी पाच मिनिटांत त्याचं पान काढून देत असे: कधी आला, कुठून आला, का गेला. देवी टोचल्या होत्या का तेसुद्धा. इथे एका माणसाने एकापाठोपाठ दोन पोरींना मारलं आणि त्याचं पान कुठेच नाही. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांची नावं फ्लॅट नंबरासकट लागतात. बायकोचा हात दारात चिरडणाऱ्याचं नाव लावायला फळाच नाही. हे मी हवालदाराला सगळं ऐकवलं. तो म्हणाला, बरोबर आहे मॅडम, आणि पुढच्या माणसाकडे वळला.

नवऱ्याला बोलावून समज दिली. त्याने तिथे हात जोडले म्हणे. पुढचे दोन महिने भिंत शांत होती आणि मग नव्हती.

तेव्हा मी एक फुलस्केप वही आणली. रकाने आखले: तारीख, वेळ, काय ऐकलं, किती वेळ. एवढं तर मला येतं. ती वही घेऊन एका समुपदेशन केंद्रात गेले. तिथल्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी त्यांना विचारलं की अशा माणसांची एखादी यादी का नसावी, जिथे मुलीचा बाप जाऊन बघू शकेल. काही देशांत बाईला पोलिसांकडून त्या पुरुषाचा मागचा इतिहास कळतो, असं मी पेपरात वाचलं होतं. त्यांनी माझी थट्टा केली नाही. आपल्याकडे तसं काही नाही म्हणाल्या. आणि असतं तरी तुमचा शेजारी त्यात नसता, त्याच्यावर काही सिद्ध कुठे झालंय? मिटवून घेतलेलं यादीत येत नाही, आणि इथे येणाऱ्या बहुतेकजणी शेवटी मिटवूनच घेतात, कारण त्यांना सुटायचं असतं. त्यांनी माझी वही परत दिली. जपून ठेवा, म्हणाल्या.

दुसरीनेही तेच केलं. जोगेश्वरीहून तिचे वडील तिला न्यायला आले तेव्हा मी दार उघडं ठेवून उभी होते. ते माझ्यासमोरून बॅग घेऊन गेले. ह्या वेळी त्यांनी नमस्कार केला नाही. पुढे दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला, तक्रार मागे गेली. ती मात्र मला अधूनमधून फोन करायची. माणसं कधीकधी असा चांगुलपणा का करतात ते मला कळत नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी, म्हणजे त्याची आई, लिफ्टमध्ये म्हणाल्या, आमच्याकडे पुन्हा बघायला सुरुवात केलीय, बोरिवलीचं स्थळ आहे, मुलगी फार साधी आहे. मी ‘अरे वा’ म्हणाले. घरी आले आणि कपाटातून ती वही काढली. ह्या वेळी कोणी चौकशीला आलं तर बोलायचं, मग काय वाटेल ते होऊ दे, असं मी ठरवलं. आमचे हे म्हणाले, “अगं, तुला काय करायचंय? रोज त्यांच्या समोर राहायचंय आपल्याला.” मी त्यांना म्हटलं, तुमचा टीव्ही लावा.

आणि चौकशीला आलेच. मुलीची आई आली, एकटी. विधवा बाई, एका दवाखान्यात रिसेप्शनला होती, बोलण्यात नेमकी. मी चहा ठेवला नाही. तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं, भिंतीवर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. पहिली, दुसरी, दाराची फट, पोलीस. वही उघडून दाखवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी एक रकाना खरा भरत होते आणि मला हलकं वाटत होतं, हेही कबूल करते.

तिने सगळं ऐकलं. चेहरा उतरला होता. मग तिने मोबाइल काढला. “ताई, आम्ही कागद सगळे मागून घेतलेत,” ती म्हणाली. “मी भोळेपणाने देत नाहीये मुलगी. तुम्हीच बघा, ह्यात कुठे लिहिलंय का तसं?”

तिने एकेक फोटो सरकवला. घटस्फोटाचे दोन हुकूम, दोन्हीत परस्पर संमती. तक्रार मागे घेतल्याचा कागद. कंपनीचं पत्र. आधार कार्ड. आणि लग्नाच्या नोंदणीला वयाचा पुरावा लागतो म्हणून, शाळा सोडल्याचा दाखला. माझं अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं. जनरल रजिस्टर नंबर, जन्मतारीख अक्षरी, आणि त्या रकान्यात जरासा तिरका उमटलेला माझा शिक्का. तिने तो वाचलाही नसेल, कोण वाचतं. मी वाचला. मला तिथेच तोंडात मारल्यासारखं झालं. कुठेच नाही लिहिलेलं, मी म्हणाले. ती म्हणाली, मी घरी बोलते, विचार करते. दारात तिने माझा हात धरला, तेव्हा मला वाटलं की वाचली पोरगी.

तिच्या जवळ काहीतरी ठोस असायला हवं, म्हणून मी त्याच दिवशी दुसरीला फोन केला. त्या बाईंशी फक्त पाच मिनिटं बोल, असं म्हटलं.

“काकू, मी सही केलीय,” ती म्हणाली. “एकमेकांविरुद्ध कुठेही काही बोलायचं नाही, असं त्या कागदात आहे. आणि आता माझंही बघतायत घरी. ज्याला त्याला एवढंच कळलेलं असतं की ही नवऱ्याला पोलिसांत घेऊन गेली होती.”

मी म्हटलं, बरं, राहू दे. तिने फोन ठेवला नाही.

“तुम्ही बाबांना तेव्हाच सांगितलं असतंत तर,” ती म्हणाली. रागाने नाही, हिशेब लागत नाही तेव्हा माणूस पुन्हा वरून वाचतो तसं.

म्हणजे यादी आपल्याकडे आहे. फक्त तिच्यात त्याचं नाव नाही, तिचं आहे.

चार दिवस मी आशेवर होते. वहिनी जिन्यात भेटल्या तर त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते. पाचव्या दिवशी बोरिवलीच्या बाईंचा फोन आला. तिने मुलाच्या आईला सरळच विचारलं होतं. मलाही तिच्या जागी तेच सुचलं असतं. वहिनी रडल्या म्हणे, आणि मग म्हणाल्या की दुसऱ्या सुनेच्या वडिलांना विचारा, त्यांना ह्याच बाईंनी मुलगा शांत आहे, चांगला आहे असं स्वतःच्या घरात बसून सांगितलं होतं. बाईने जोगेश्वरीला फोन करून विचारलंही. त्या गृहस्थांनी तेवढं एक खरं असल्याचं सांगितलं आणि बाकी बोलायचं नाही म्हणून फोन ठेवला.

“ताई, तेव्हा चांगला होता म्हणालात, आता वाईट आहे म्हणता,” ती म्हणाली. “मी कोणतं धरू?”

आता सांगते आहे ते धरा, तेव्हा मी खोटं बोलले होते, असं मी म्हणाले. ती म्हणाली, खोटं बोलता येतं म्हणजे आत्ताही बोलत असाल. तिचं काही चुकलं नाही. मी वहीचं नाव काढलं तर ती म्हणाली, वही तर तुम्हीच लिहिलेली आहे.

लग्न झालं. आम्हाला बोलावलं नव्हतं. बिल्डिंगमध्ये माझं नाव मोडता घालणारी असं पडलं. भिशीच्या बायका मी आले की विषय बदलतात. आमचे हे हल्ली टीव्ही लावताना माझ्याकडे बघतात.

नवी मुलगी खरंच साधी आहे. कुंडीतल्या तुळशीला पाणी घालताना गुणगुणायची. ग्रिलपाशी कधी आली नाही. मी हसले तर हसायची आणि आत जायची. मला वाटलं, लाजरी असेल.

परवाच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, भिंतीतून तो आवाज आला. खालच्या पट्टीतला, एकसारखा. मग आपटल्याचा. मग काहीच नाही. ह्यांनी रिमोट उचलला, मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. थोड्या वेळाने त्यांचं दार वाजलं, बूट जिन्यातून खाली गेले. वहिनी गावाला गेल्या होत्या, म्हणजे ती घरात एकटी होती. मी बेल वाजवली. दोनदा, तीनदा. आमचं दार मी उघडंच ठेवलं होतं, वही टेबलावर होती, बाम मी हातातच घेतला होता.

तिने दार वीतभर उघडलं. ओढणी गळ्याशी घट्ट गुंडाळलेली, तीही घरात. डोळे लाल होते. मी म्हटलं, ये गं बाळा, आमच्याकडे ये, नुसती येऊन बस. ती माझ्या मागे, आमच्या उघड्या दाराकडे बघत राहिली. एक क्षण मला वाटलं ती येते आहे.

“काकू, आईने सांगितलंय,” ती अगदी हळू म्हणाली. “बाजूच्या काकूंशी काही बोलायचं नाही.”

मग तिने दार लावलं. सावकाश लावलं, आवाज न करता, मला वाईट वाटू नये म्हणून.